भर दिवसाचे दिवे : मोटारींवरील 'डेटाइम रनिंग लाइट'चा इतिहास आणि त्यामागील वाद

प्रस्तावना

मराठीत दिवसाच्या एका विशिष्ट वेळेला 'दिवेलागण' असे नाव आहे. सूर्य मावळला, घरात अंधार शिरू लागला की दिवा लावायचा, हा संकेत या शब्दात सामावलेला आहे. सूर्य डोक्यावर असताना दिवा लावणे आपल्या भाषेला मूर्खपणाचेच वाटते. सूर्यापुढे काजवा मिरवू नये असे आपण म्हणतो आणि एखाद्याची फजिती झाली की 'काय दिवे लावले!' असा टोमणाही मारतो. असे असताना गेल्या अर्धशतकात जगातील अनेक देशांनी मोटारींनी भर दिवसा दिवे लावूनच धावावे असा कायदा केला, काहींनी तो करून मागे घेतला, तर काहींनी वर्षानुवर्षे विचार करूनही तो केला नाही. भारतात १ एप्रिल २०१७ पासून तयार होणाऱ्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. हा दिवा कोठून आला, कोणत्या युक्तिवादांवर उभा राहिला आणि त्याला विरोध कोणी व का केला, याचा ऐतिहासिक आढावा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. इंग्रजीत या दिव्यांना 'डेटाइम रनिंग लाइट' व संक्षेपाने 'डीआरएल' म्हणतात. लेखात 'दिवसाचे दिवे' आणि 'डीआरएल' असे दोन्ही शब्द वापरले आहेत.

विषय वरवर तांत्रिक वाटतो. परंतु रस्त्यावर एकमेकांना दिसण्याची जबाबदारी कोणाची, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न तांत्रिक नाही. ज्याच्याकडे दिवा आहे तो अधिक ठळक दिसू लागला तर ज्याच्याकडे दिवा नाही त्याचे काय, या प्रश्नावर तज्ज्ञांमध्ये आजही एकमत नाही.

पाहण्याचा दिवा आणि दिसण्याचा दिवा

वाहनाचा दिवा दोन कामे करतो. चालकाला रस्ता दाखवणे हे पहिले आणि इतरांना वाहनाची चाहूल देणे हे दुसरे. रात्री ही दोन्ही कामे एकच दिवा करीत असल्याने त्यांतील भेद सहसा लक्षात येत नाही. दिवसा मात्र पहिले काम उरतच नाही. म्हणून दिवसाच्या दिव्याचा इतिहास हा खरे तर 'चाहूल देण्याचा' इतिहास आहे आणि त्याची सुरुवात दिव्यापासून झालेलीही नाही. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरून जाणाऱ्या यांत्रिक वाहनापुढे साठ यार्ड अंतरावर लाल निशाण घेतलेला माणूस चालला पाहिजे असे बंधन घातले होते. गावात ताशी दोन मैल आणि गावाबाहेर चार मैल ही वेगमर्यादा होती. पुढे १८७८ मध्ये निशाणाची अट शिथिल झाली आणि १८९६ मध्ये हलक्या मोटारींची या बंधनांतून सुटका झाली. निशाणवाला गेला आणि चाहूल देण्याचे काम भोंग्याकडे, म्हणजे हॉर्नकडे आले. आपल्या देशात ते आजही मुख्यत्वे हॉर्नकडेच आहे. ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहिण्यास महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये मनाई केली, परंतु त्यामागील सवय एका आदेशाने जाण्यासारखी नव्हती.

दिवसा दिवा लावण्याचा विचार संघटितपणे पुढे आला तो अमेरिकेत. १९६१ मध्ये टेक्सास राज्यात चालकांनी दिवसाही दिवे लावून वाहन हाकावे अशी मोहीम निघाली. त्याच दशकात ग्रेहाउंड या मोठ्या बस कंपनीने आपल्या गाड्या दिवसा दिवे लावून चालवण्यास सुरुवात केली. इंडियाना विद्यापीठातील दृष्टिविज्ञानाचे अभ्यासक मेरिल अ‍ॅलन यांनी १९६० च्या दशकात या कल्पनेचा शास्त्रीय पातळीवर पाठपुरावा केला. तथापि अमेरिकेत या कल्पनेला कायद्याचे रूप आले नाही. ते आले उत्तर युरोपात, आणि त्याचे कारण भूगोलात शोधावे लागते.

उत्तरेकडील सूर्य

हेलसिंकी हे शहर साठ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे. तेथे २१ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसहा अंश वर येतो. त्याच दिवशी त्याच वेळी पुण्यात तो सुमारे अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. आपल्याकडे सूर्य मावळण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास जी स्थिती असते, ती हेलसिंकीत हिवाळ्यातील मध्यान्हाची स्थिती होय. लांबलचक सावल्या, डोळ्यात तिरपी घुसणारी किरणे, मळकट बर्फ आणि त्यावर मळकट गाड्या, असे हे चित्र आहे. ढगाळ दिवशी तर संधिप्रकाश कोठे संपला आणि दिवस कोठे सुरू झाला हे सांगणे कठीण. अशा ठिकाणी 'दिवसा दिवा' हा शब्दप्रयोग आपल्याला वाटतो तितका विसंगत ठरत नाही.

फिनलंडने १९७२ मध्ये गावाबाहेरील रस्त्यांवर हिवाळ्यात दिवे लावणे सक्तीचे केले. १९८२ मध्ये ही सक्ती वर्षभरासाठी आणि १९९७ मध्ये शहरांसह सर्व रस्त्यांसाठी झाली. एकाच नियमाचा असा टप्प्याटप्प्याने पंचवीस वर्षे झालेला विस्तार अभ्यासकांना उपयुक्त वाटतो, कारण प्रत्येक टप्प्याच्या आधीची व नंतरची स्थिती ताडून पाहता येते. स्वीडनचा मार्ग वेगळा होता. ज्या देशाने ३ सप्टेंबर १९६७ च्या एका पहाटेत सगळी वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूकडून उजवीकडे नेली, त्याला टप्प्यांचे आकर्षण नसावे. १ ऑक्टोबर १९७७ पासून स्वीडनमध्ये सर्व मोटार वाहनांना, सर्व रस्त्यांवर, बाराही महिने दिवे लावणे एकदमच बंधनकारक झाले. नॉर्वेने १९८५ पासून नव्या मोटारींवर हे दिवे बसवण्याची अट घातली आणि १९८८ मध्ये सर्वांसाठी दिवे सक्तीचे केले. आइसलंडमध्येही १९८८ मध्ये, तर डेन्मार्कमध्ये १९९० मध्ये तसाच कायदा आला.

या चळवळीची वैचारिक बैठक तयार करण्यात स्वीडिश मानसशास्त्रज्ञ कोरे रूमार यांचा वाटा मोठा आहे. चौकात आडवी धडक झाल्यावर चालक बहुधा 'मला ती गाडी दिसलीच नाही' असे सांगतो. रूमार यांच्या मते हा नेहमीच बहाणा नसतो. चालकाची मूलभूत चूक ही निष्काळजीपणापेक्षा 'उशिरा जाणीव होणे' ही होय. माणसाचा डोळा समोरच्या अरुंद पट्ट्यातच बारकावे टिपतो आणि कडेचे जग त्याला अंधुकच दिसते. नजरेच्या कडेला असलेल्या गाडीकडे लक्ष वळायचे तर तिच्यात काहीतरी वेधक असावे लागते, आणि दिवा ते काम करतो. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये झालेल्या प्रयोगांत दिव्याची तीव्रता वाढवली की कडेच्या नजरेला गाडीची जाणीव लवकर होते असे दिसून आले. त्याच सुमारास कॅनडातील संशोधक अ‍ॅटवूड यांच्या प्रयोगांतून एक अडचणीचे निरीक्षणही पुढे आले. समोरून येणाऱ्या दोन गाड्यांचे दिवे लागलेले असतील आणि त्यांच्या मधल्या गाडीचा दिवा बंद असेल, तर मंद प्रकाशात ती मधली गाडी ओळखणे अधिक कठीण जाते. या निरीक्षणाचे दोन अर्थ निघतात. सक्तीच्या बाजूचे म्हणतात, म्हणूनच सर्वांनी दिवे लावले पाहिजेत. विरोधक विचारतात, पादचाऱ्याने कोणता दिवा लावायचा? वादाचे बीज येथेच पडले होते.

आकड्यांचे भांडण

स्वीडनच्या कायद्यामुळे अपघात किती कमी झाले? हा प्रश्न सरळ आहे, उत्तर नाही. अँडरसन आणि निल्सन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार दिवसा होणाऱ्या, एकाहून अधिक घटकांच्या अपघातांत सुमारे ११ टक्के घट झाली. हा आकडा पुढे जगभर उद्धृत झाला. मात्र ही घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हती, ही त्याच अभ्यासातील बाब तितक्या आवर्जून उद्धृत झाली नाही. शिवाय कायदा येण्यापूर्वीच स्वीडनमधील जवळजवळ निम्मी वाहने स्वेच्छेने दिवसा दिवे लावून धावत होती. त्यामुळे मोजायचा तो बदल 'शून्यापासून शंभरा'चा नव्हता.

येथे पद्धतीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व वाद तिच्याभोवती फिरतो. दिवसाच्या दिव्याचा परिणाम झाला तर तो दिवसा होणाऱ्या आणि दोन किंवा अधिक घटकांच्या अपघातांवरच होईल. एकटी गाडी झाडावर आदळली तर तिच्या दिव्याने फरक पडत नाही आणि रात्री तर सर्वांचेच दिवे लागलेले असतात. म्हणून संशोधकांनी चार गट केले : दिवसाचे एकट्या वाहनाचे अपघात, दिवसाचे अनेकांचे, रात्रीचे एकट्याचे आणि रात्रीचे अनेकांचे. कायद्याच्या आधी आणि नंतर या गटांमधील गुणोत्तर कसे बदलले ते पाहिले. रचना मोठी चतुर आहे, कारण रस्ते सुधारले, पेट्रोल महागले, हिवाळा सौम्य गेला तर त्याचा परिणाम चारही गटांवर सारखा होईल व गुणोत्तरात तो विरून जाईल, अशी त्यामागील अपेक्षा आहे. पण अपेक्षा म्हणजे वस्तुस्थिती नव्हे. नेदरलँड्समधील तेउवेस आणि रीमर्स्मा यांनी १९९५ मध्ये स्वीडनचीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि दाखवून दिले की गुणोत्तरातील बदल बऱ्याच अंशी एकट्या वाहनांच्या अपघातांत झालेल्या चढउतारामुळे आलेला आहे. ज्या गटावर दिव्याचा परिणाम होऊच शकत नाही त्या गटाच्या हालचालीचे श्रेय दिव्याला मिळाले होते, असा त्याचा अर्थ.

वाद येथे थांबला नाही. नॉर्वेचे रूने एल्विक यांनी १९९६ मध्ये विविध देशांतील १७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यांच्या निष्कर्षानुसार दिवे लावणाऱ्या मोटारींचे दिवसाचे अनेक-घटक अपघात १० ते १५ टक्क्यांनी कमी होतात. कायद्यामुळे वा मोहिमेमुळे अशा एकूण अपघातांत होणारी घट मात्र ३ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान राहते. दुसऱ्याच वर्षी नेदरलँड्समधील रस्ता सुरक्षा संशोधन संस्थेच्या कोर्नस्ट्रा व सहकाऱ्यांनी सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. अक्षांश जितका उत्तरेचा तितका दिव्यांचा लाभ अधिक, हे सूत्र त्यांनी ठळकपणे मांडले. गंमत अशी की ज्या देशात या विषयावर इतके संशोधन झाले, त्या नेदरलँड्सने मोटारचालकांवर दिवसाच्या दिव्यांची सक्ती केली नाही. पुढे २००८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने आपल्या देशातील अपघातांचा अभ्यास केला. हलके ट्रक व व्हॅन यांच्या काही प्रकारच्या धडकांत घट दिसली, परंतु प्रवासी मोटारींच्या बाबतीत एकत्रितपणे ठोस परिणाम आढळला नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते या सर्व आकड्यांतून एवढेच खात्रीने म्हणता येते की परिणाम असलाच तर तो लाभाच्या दिशेने आहे, उत्तरेकडे तो अधिक आहे, आणि समर्थकांनी सांगितला त्याहून तो लहान आहे.

सात हजार कँडेला

कॅनडाने निराळी वाट धरली. त्याने चालकाला आज्ञा केली नाही, कारखान्याला केली. १ डिसेंबर १९८९ नंतर तयार होणाऱ्या प्रत्येक मोटारीत इंजिन सुरू होताच दिवसाचे दिवे आपोआप लागले पाहिजेत असा नियम झाला. चालकाच्या स्मरणशक्तीवर विसंबून न राहणारी ही युक्ती पुढे सर्वत्र रूढ झाली. परंतु नियमाचा मसुदा आणि अंतिम नियम यांत मोठा फरक पडला. स्कँडिनेव्हियाच्या धर्तीवर दिव्याची कमाल तीव्रता १५०० कँडेला असावी असा मूळ प्रस्ताव होता. त्यासाठी गाडीला स्वतंत्र दिवा बसवावा लागला असता. मोटार उत्पादकांनी खर्चाची तक्रार केली. डिपरच सतत चालू ठेवावा तर बल्ब लवकर जातील व वॉरंटीचा बोजा वाढेल असेही सांगितले. अखेर 'अपर'चाच दिवा कमी दाबाने चालवण्याची मुभा मिळाली आणि मर्यादा ७००० कँडेलापर्यंत गेली. काही हजार रुपयांच्या दिव्याची बचत समोरच्याच्या डोळ्यांवर टाकण्यात आली, असे म्हटल्यास ते फारसे अन्यायाचे होणार नाही.

सीमेच्या दोन्ही बाजूंना गाड्या विकणाऱ्या जनरल मोटर्सला कॅनडासाठी एक आणि अमेरिकेसाठी दुसरी अशी जोडणी नको होती. तिच्या प्रयत्नांनंतर १९९३ मध्ये अमेरिकन प्रशासनाने हे दिवे ऐच्छिक म्हणून मान्य केले आणि १९९५ च्या मॉडेलपासून कंपनीने ते आपल्या गाड्यांवर बसवण्यास आरंभ केला. त्यानंतर आरशात डोळे दिपतात, समोरच्या गाडीचे वळणाचे सिग्नल दिसत नाहीत, अशा तक्रारींचा ओघ सुरू झाला. १९९८ मध्ये प्रशासनाने तीव्रता कमी करण्याचा प्रस्ताव मांडला आणि २००४ मध्ये तो सोडूनही दिला. २००१ मध्ये जनरल मोटर्सने हे दिवे सर्व गाड्यांना सक्तीचे करावेत अशी याचिका केली. ती २००९ मध्ये फेटाळण्यात आली. अमेरिकेत अंत्ययात्रेतील गाड्या दिवसा दिवे लावून जातात आणि इतरांनी त्यांना वाट द्यावी असा संकेत आहे. सर्वच गाड्यांचे दिवे लागू लागल्यावर त्या संकेताची ओळखच पुसट झाली. आकडेवारीत न मावणारा हा तोटा कोणत्याही अहवालात मोजलेला नाही.

विरोधकांची बाजू आणि ऑस्ट्रियाची माघार

युरोपात सर्वांत तीव्र विरोध मोटारसायकलस्वारांच्या संघटनांनी केला आणि तो समजून घेण्यासारखा आहे. मोटारसायकल समोरून अरुंद दिसते आणि तिचे अंतर व वेग यांचा अंदाज चुकतो. म्हणूनच ऑस्ट्रियाने १९८२ मध्ये आणि पश्चिम जर्मनीने १९८८ मध्ये मोटारसायकलींना दिवसाचा दिवा सक्तीचा केला होता. 'दिवसा लागलेला एकटा दिवा म्हणजे मोटारसायकल' अशी खूण त्यातून तयार झाली. आता प्रत्येक मोटारीने दोन-दोन दिवे लावले तर त्या गर्दीत हा एकटा दिवा हरवणार. सायकलस्वार आणि पादचारी यांच्या वतीने मांडलेली हरकत याहून मूलगामी होती. चालकाचे लक्ष मर्यादित असते. ते दिव्यांकडे ओढले गेले तर बिनदिव्याच्यांच्या वाट्याला कमी येणार.

ऑस्ट्रियात १५ नोव्हेंबर २००५ पासून मोटारींना दिवसा दिवे लावण्याची सक्ती झाली आणि १ जानेवारी २००८ पासून ती उठवण्यात आली. अपेक्षित लाभ दिसत नाही आणि दुर्बल वाटसरूंकडे दुर्लक्ष होण्याची भीती आहे, हे त्यामागील मुख्य आक्षेप होते. जेमतेम दोन वर्षांच्या अनुभवावरून कायदा चांगला की वाईट हे ठरत नाही. पण या माघारीमुळे विरोधकांना प्रथमच एक उदाहरण मिळाले.

दिवा नेहमी वस्तू ठळकच करतो हे गृहीतही तपासून पाहिले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने 'येहुदी' या सांकेतिक नावाने केलेले प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहेत. समुद्रावरून पाणबुडीकडे झेपावणारे विमान आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळ्या ठिपक्यासारखे दिसते आणि पाणबुडी वेळीच बुडी मारते. विमानाच्या पुढील कडांवर दिवे बसवून त्यांची प्रखरता आकाशाइतकी केली, तर तो काळा ठिपका नाहीसा होतो. अ‍ॅव्हेंजर जातीचे विमान एरवी १२ मैलांवरून दिसे. दिवे लावल्यावर ते ३००० यार्डांपर्यंत येईतो दिसले नाही. म्हणजे दिवसा दिवा लावून एक अजस्र यंत्र लपवता आले. रस्त्यावर असे घडते असा याचा अर्थ नव्हे, कारण मोटारीचा दिवा पार्श्वभूमीपेक्षा बराच प्रखर असतो व तिची पार्श्वभूमी सहसा झाडे, घरे व डांबर अशी काळपट असते. मात्र वस्तू दिसते ती तिच्या आणि पार्श्वभूमीच्या फरकामुळे, निव्वळ प्रकाशामुळे नव्हे, हे यातून लक्षात येते. भर उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. उत्तरेच्या ढगाळ हिवाळ्यात तो काही हजार किंवा त्याहूनही कमी असतो. त्या फरकात अक्षांशाच्या सूत्राचे स्पष्टीकरण दडलेले आहे.

इंधनाचा मुद्दा एके काळी महत्त्वाचा होता. दोन डिपर, मागचे दिवे आणि नंबरप्लेटचा दिवा मिळून दीडशे वॅटच्या घरात वीज लागे आणि ती शेवटी इंजिनातूनच येई. एलईडी आल्यावर हा खर्च दहा-वीस वॅटवर आला आणि तो वाद बव्हंशी निकालात निघाला. युरोपीय आयोगाने २००६ मध्ये या प्रश्नावर सल्लामसलत केली आणि २००८ च्या निर्देशाद्वारे तडजोड स्वीकारली. जुन्या गाड्यांच्या चालकांवर सक्ती नाही, परंतु ७ फेब्रुवारी २०११ पासून मान्यतेसाठी येणाऱ्या मोटारींच्या व लहान मालवाहू गाड्यांच्या नव्या प्रकारांवर आणि ऑगस्ट २०१२ पासून ट्रक-बसच्या नव्या प्रकारांवर स्वतंत्र दिवसाचे दिवे असलेच पाहिजेत. संयुक्त राष्ट्रांच्या ८७ क्रमांकाच्या विनियमाप्रमाणे अशा दिव्याची तीव्रता किमान ४०० आणि आता कमाल १२०० कँडेला असते. कॅनडाच्या सात हजारांशी ही मर्यादा ताडून पाहावी.

या तडजोडीतून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. २००४ मध्ये ऑडीने आपल्या ए-८ मोटारीच्या एका प्रकारावर एलईडीचे दिवसाचे दिवे बसवले आणि पाहता पाहता ते कंपन्यांच्या ओळखीचे चिन्ह झाले. सुरक्षेसाठी आलेली वस्तू गाडीची भुवई बनली. आज आपल्याकडे लहान मोटारींच्या जाहिरातींतही 'डीआरएल' हा शब्द सुरक्षेपेक्षा सौंदर्याच्या यादीत आढळतो.

भारतीय रस्ता

भारतात हा विषय मोटारीतून न येता दुचाकीतून आला, आणि ते योग्यच झाले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या रस्ता सुरक्षा समितीने या प्रश्नाचा पाठपुरावा केला. केंद्राने २०१६ मध्ये अधिसूचना काढली आणि १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींवर 'ऑटोमॅटिक हेडलॅम्प ऑन' म्हणजे आपोआप लागणारा दिवा आला. 'हा दिवा थंड देशांसाठी आहे, आमच्या उन्हात त्याचा काय उपयोग?' अशी टीका तेव्हा सर्रास झाली. अक्षांशाचे सूत्र या टीकेच्या बाजूने आहे असे वाटते खरे. परंतु मलेशियाचे उदाहरण तिला छेद देते. तो देश विषुववृत्ताला चिकटून आहे. क्वालालंपूर येथे २१ डिसेंबरलाही मध्यान्हीचा सूर्य सुमारे त्रेसष्ट अंशांवर असतो. तेथे १९९२ मध्ये मोटारसायकलींना दिवसा दिवा सक्तीचा झाला आणि रादिन उमर व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, 'न दिसल्यामुळे' होणाऱ्या मोटारसायकल अपघातांत सुमारे २९ टक्के घट नोंदवली गेली. अरुंद वाहनाला दिव्याची गरज सूर्याच्या उंचीवर तितकीशी अवलंबून नसते, असे यावरून मानण्यास जागा आहे. हेलसिंकीच्या मोटारीविषयीचा निष्कर्ष पुण्याच्या स्कूटरला जसाच्या तसा लावता येत नाही, तो लाभाचा असो की तोट्याचा.

नियमाचा परिणाम भारतात किती झाला हे केवळ एकूण आकड्यांवरून ठरवू नये. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६ मध्ये रस्ते अपघातांत १,५०,७८५ जण मृत्युमुखी पडले आणि त्यांत दुचाकीवरील सुमारे ३५ टक्के होते. २०२२ मध्ये ही संख्या १,६८,४९१ वर गेली आणि दुचाकीस्वारांचा वाटा ४४ टक्क्यांहून अधिक झाला. यावरून दिव्याने नुकसान केले असे म्हणणे तितकेच चुकीचे, जितके स्वीडनच्या ११ टक्क्यांवरून त्याचा जयजयकार करणे. या काळात दुचाकींची संख्या वाढली, वेग वाढला, महामार्ग रुंद झाले, आणि २०१७ पूर्वीच्या बिनदिव्याच्या दुचाकीही रस्त्यावर होत्याच.

आपल्याकडे आणखी एक अडचण आली, ती सांकेतिक स्वरूपाची. महाराष्ट्रातील रस्त्यांवर दिवसा कोणाचा दिवा चालू राहिला तर समोरून येणारा हाताचा पंजा उघडून-मिटून त्याला खूण करतो. बॅटरी उतरू नये म्हणून केलेला हा जुना उपकार. २०१७ नंतर नव्या दुचाकीच्या स्वाराला दिवसभरात अशा खुणा वारंवार होऊ लागल्या आणि त्याच्याकडे दिवा बंद करण्याचे बटणच नव्हते. शिवाय समोरून दिवा चमकवणे याचा आपल्याकडे अर्थ 'मी येतो आहे, तू थांब' असा होतो, तर युरोपात पुष्कळदा 'तू आधी जा' असा. दिव्याची भाषा देशागणिक बदलते आणि कायदा मात्र ती सार्वत्रिक आहे असे धरून चालतो.

मोटारींचे काय? बोरघाटात पावसाळी धुके उतरते तेव्हा पुढे-मागे दोन्हीकडचे दिवे हवेत, याविषयी दुमत नसावे. पण दिवसाचा दिवा बहुतेक गाड्यांत फक्त पुढेच लागतो. समोर उजेड पडलेला पाहून चालकाला आपले सगळे दिवे चालू आहेत असे वाटते, आणि तिन्हीसांजेला तो मागचे दिवे न लावताच पुढे जातो. कॅनडात अशा गाड्यांना 'भुताच्या गाड्या' म्हणू लागले होते. त्यामुळे सप्टेंबर २०२१ पासून तेथे नव्या गाड्यांना, मागचे दिवेही सोबत लागतील किंवा अंधारात सर्व दिवे आपोआप लागतील, अशी व्यवस्था करावी लागली. म्हणजे मूळ नियमानंतर जवळजवळ बत्तीस वर्षांनी. आपल्याकडे सक्तीचा विचार होणार असेल तर त्यात ही दुरुस्ती पहिल्या दिवसापासून असावी, तीव्रता १२०० कँडेलाच्या आत असावी, आणि बाजारात मिळणाऱ्या निळसर, प्रखर एलईडी पट्ट्यांना त्यात थारा नसावा, असे सुचवावेसे वाटते.

ऊस गाळपाच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्राच्या रस्त्यांवर बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर संध्याकाळी कारखान्याकडे निघतात. गाडीबाहेर आलेल्या उसाच्या शेंड्यांआड मागचा दिवा असला तरी दिसत नाही आणि बैलगाडीला तर तो नसतोच. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर अनेक ठिकाणी साखर कारखाने व पोलीस मिळून या गाड्यांना रिफ्लेक्टर लावतात. लाल पट्टीचा तो तुकडा स्वतः उजेड देत नाही. मागून येणाऱ्याने आपले दिवे वेळेवर लावले असतील तरच तो चमकतो.